राजेश्वरीचे चाळीस पाठ

लाल पेन मी आता वापरत नाही. मुलांच्या वह्या हिरव्या शाईनं तपासते. कुणी विचारलंच तर लाल रंगानं डोळे दुखतात म्हणून सांगते. खोटं आहे ते.

औंढ्याच्या जिल्हा परिषद शाळेत मी सोळा वर्षं आहे. रोज तळेगावहून येते. दोन वर्षांपूर्वी राज्यानं डी.एड. कॉलेजांसाठी नवा कायदा केला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. दोन खोल्यांत चालणारी कॉलेजं, वर्गाचं तोंड न बघता मिळणारी सर्टिफिकेटं, सगळ्याला आळा बसणार होता. शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढे चाळीस पाठ घ्यायचे. जुन्या शिक्षकानं मागे बसून ते बघायचे आणि पत्रकावर शेरा लिहायचा. "आता सुटतात कुठं!" असं मी आमच्या मुख्याध्यापकांना, विठ्ठल सरांना, म्हणाले होते. जीभ झडो माझी.

लोणावळ्याच्या एका कॉलेजनं आमच्याकडे तिघांना पाठवलं. गंधार, प्रेरणा आणि कार्ल्याची राजेश्वरी. गंधारच्या वडिलांचे खंडाळ्यात भाड्यानं द्यायचे बंगले. तो पहिल्या दिवशी गाडीतून आला, फळ्यासमोर उभा राहून फोटो काढून घेतला, विठ्ठल सरांच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि जो गेला तो गेलाच. प्रेरणा दोनदा आली. दोघांची पत्रकं सर घरी नेऊन भरायचे.

मी बोलले. तर म्हणाले, "बाई, आपलं काय जातंय? पोरांचं भलं होतंय ना?"

राजेश्वरी मात्र रोज यायची. कार्ल्याहून एसटीनं लोणावळा, तिथून मिळेल त्या जीपला लटकून औंढे. तिचे वडील कैलासभाऊ, शेतकरी माणूस. त्यांनी आधीच बजावलं होतं, "दोन वरसं दिली. तिसरं मागू नगंस." म्हणजे पहिल्या फटक्यात पास व्हायचं, नाहीतर मास्तरीण होणं विसरायचं. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

पहिला पाठ तिनं अपूर्णांकांचा घेतला. पाव, अर्धा, पाऊण शिकवायला घरून भाकरी आणली होती. पाऊणपर्यंत पोचायच्या आत पोरांनी अपूर्णांक खाऊन टाकला. वर्गात नुसता बाजार. तास संपल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, डोळ्यांत पाणी.

"अगं, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं असं," मी म्हटलं. "बस, काय चुकलं ते सांगते."

"सांगू नका बाई, लिवा. याच कागदावर लिवा. तोंडी सांगितलंत तर इसरल मी. लिवलेलं असलं तर रोज वाचीन."

मग मी लाल पेन काढलं आणि लिहिलं: मुलं उत्तर शोधत असतानाच तू उत्तर देऊन मोकळी होतेस. थांबायला शीक. सुधारणा आवश्यक. पाठ पुन्हा घ्यावा.

दुसऱ्या दिवशी तिनं तोच पाठ पुन्हा घेतला. भाकरी शेवटी वाटली. आणि थांबली. प्रश्न विचारून अशी थांबली की मागच्या रांगेतली अपेक्षा, वर्षभर तोंड न उघडलेली पोर, उठून म्हणाली, "अर्धी म्हंजी दोन पाव." मला रडूच आलं. खोटं कशाला बोलू?

असं अकरा वेळा झालं. अकरा पाठ फसले, ते अकराही तिनं पुन्हा घेतले आणि असे घेतले की बघत राहावं. शेवटी शेवटी तर तिच्या मागे बसले की मला माझंच शिकवणं शिळं वाटायचं.

एप्रिलात तपासणीचे साहेब आले. त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते. गंधारचं पितळ उघडं पडणार, आणि ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

साहेबांनी टॅबवर नोंदी करत पत्रकं चाळली. गंधार, चाळीसपैकी चाळीस उत्तम. प्रेरणा, चाळीसपैकी चाळीस उत्तम. राजेश्वरी, एकोणतीस.

"हिचे अकरा पाठ धरता येत नाहीत," साहेब म्हणाले. "सुधारणा आवश्यक असा शेरा आहे. मानकात बसत नाही. नापास."

"अहो, ते तिनं पुन्हा घेतले की! ही बघा त्यांची पत्रकं."

"पुन्हा घेतलेल्या पाठाला रकाना नाही, मॅडम. चाळीस क्रमांक, चाळीस शेरे."

"आणि हा गंधार? यानं वर्गाचा उंबरा ओलांडलेला नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!"

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं टॅब खाली ठेवला. "तसं लेखी द्या. या सह्या तुमच्या मुख्याध्यापकांच्या आहेत. चौकशी लागली, तर हिची केसही पुन्हा उघडता येईल."

विठ्ठल सर खिडकीबाहेर बघत होते. दोन महिन्यांनी ते रिटायर होणार होते. सोळा वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेलं. मी पेनाचं टोपण काढलं. आणि परत लावलं. अकरा वेळा त्या पोरीवर चाललेलं माझं पेन सरांवर एकदाही चाललं नाही.

गंधार आता एका इंग्रजी शाळेत शिकवतो म्हणे.

राजेश्वरीला एकच संधी होती, चाळीसच्या चाळीस पाठ पुन्हा घ्यायचे. यंदा ऑगस्टमध्ये ती आली. अंगावर हॉटेलचा गणवेश. खंडाळ्याला रिसेप्शनवर लागली होती. "ताई आली, ताई आली" करत पोरं धावली. अपेक्षा तर तिचा हात धरून वर्गात ओढायला लागली.

"आज नगं गं, ड्युटी हाय," म्हणत तिनं हात सोडवून घेतला आणि माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला. चाळीस पत्रकं. तारखा, विषय, सगळं भरलेलं, तिच्याच टपोऱ्या अक्षरात. शेऱ्याच्या रकान्यात चाळीस वेळा 'उत्तम'. फक्त सही बाकी.

"राजेश्वरी, एक तरी पाठ घे," मी म्हटलं. "मी मागे बसते. कागदावर उत्तमच लिहीन गं. चुकलं तर तोंडी सांगीन."

ती हसली, हॉटेलात आलेल्या गिऱ्हाइकाला हसतात तसं.

"नको बाई. काय चुकतं ते आता नका सांगू. सही तेवढी करा."

आणि पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

मी चाळीस सह्या केल्या. ती जीप चुकेल म्हणून सारखी दाराकडे बघत होती. मला धड वर बघता आलं नाही.

ती गेल्यावर पेढे पोरांना वाटून टाकले. अपेक्षानं पेढा हातातच धरला होता. "बाई, ताई पास झाली?"

"झाली," मी म्हटलं. "आता झाली."