ताजं पाणी

गुरुबसप्पांच्या दंडाला गुंडाळलेला पट्टा डॉक्टर पंचशीलाबाईंनी पुन्हा फुगवला, पाऱ्यावर नजर ठेवून हवा सोडली आणि कानातल्या नळ्या काढल्या.

"अप्पा, मागच्या खेपेपेक्षा वाढलंय. गोळी रोज घेता ना?"

"घेतो की. नळ आला की घेतो."

डॉक्टरांनी गौरम्मांकडं पाहिलं. गौरम्मांनी कपाळावर हात मारून घेतला.

"ऐकलंत? ह्यांस्नी आंघोळीला ताजंच पाणी लागतं. भरून ठेवल्यालं शिळं. आंघोळीशिवाय लिंगपूजा न्हाई, पूजेशिवाय तोंडात थेंब न्हाई. मग गोळी कधी पहाटे, कधी दिवेलागणीला, कधी दुसऱ्या दिवशी. नळाचा का काही नेम हाय?"

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. पाट्या नव्या लागल्या, साहेब नवे आले. नळाला मात्र ही बातमी कुणी कळवली नव्हती, आणि पावसालाही.

"मला काही दुखत न्हाई, खुपत न्हाई," गुरुबसप्पा म्हणाले.

"नस दुखत नाही अप्पा, तीच तर पंचाईत आहे." डॉक्टरांनी आपल्याच मनगटावरून बोट फिरवलं. "रक्त आतल्या अस्तराला घासत जातं. ते संथ, एकसारखं वाहत असलं की अस्तराला मानवतं, नस मऊ राहते. पण दाब सारखा वाढलेला राहिला, वर धक्के बसत राहिले, की ती स्वतःला जाड करून घेते. कडक होते. आणि जिथं फाटा फुटतो तिथं प्रवाह घोटाळतो, नेमका तिथंच गाळ धरतो. तुमची गोळी एक दिवस आहे, दोन दिवस नाही. नसेनं काय समजायचं?"

"विभूती लावून पूजा करा म्हणते मी," गौरम्मा म्हणाल्या. "मठातल्या स्वामींनीच सांगितलंय. आजारी माणसाला भस्माची आंघोळ चालती."

"आजारी माणसाला ना?" गुरुबसप्पांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. "मी कुठं आजारी हाय? मग झालं तर."

वाटेनं गौरम्मा चार पावलं पुढं चालल्या. मागं वळून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तरी कोपऱ्यावर थांबल्या, पदरानं मान पुसण्याच्या निमित्तानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडाच होता. गुरुबसप्पा खांद्यावर पंचा टाकून त्याच्यासमोर बसले होते, पाहुणा यायचा असल्यासारखे. ऊन भिंतीवरून उतरून त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं. गौरम्मांनी पाट आणून ठेवला. त्यावर विभूतीची डबी, पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणि गोळी.

"येईल आता," ते म्हणाले.

"कालबी येणारच होता."

"कटकट करू नकोस."

गौरम्मा आत जायला निघाल्या. उंबऱ्याशी थांबल्या, परत आल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"सोमवारी लिंग निसटलं तुमच्या हातातून."

गुरुबसप्पांचा हात गळ्यातल्या, लिंग ठेवायच्या चांदीच्या करडकाकडं गेला.

"मी दारातच होते," त्या म्हणाल्या. "जमिनीवर पडलं. तुम्ही उचलायला गेलात तर बोटं मिटंनात. मग उजव्या हातानं उचललंत."

"मुंग्या आल्या होत्या जरा."

"लिंग पडलं म्हणून दिवसभर जेवला न्हाईत. मला मात्र पोट बिघडलंय म्हणालात. मी लिंबाचं सरबत करून दिलं, येड्यावाणी."

गुरुबसप्पांनी डावा तळवा उघडला, मिटला, परत उघडला. आयुष्यभर ज्या तळव्यावर देव ठेवला, त्याच्याकडं ते परक्याकडं पाहावं तसं पाहत राहिले.

"काल डॉक्टरीणबाईला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. सांगितलंत ते काय, दुखत न्हाई, खुपत न्हाई." त्यांचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "आज जायचं परत. आत्ता. तुम्ही न्हाई सांगितलं तर मी सांगणार."

गुरुबसप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून बाजूला ठेवला आणि डबी जवळ ओढली. कपाळावर तीन बोटं फिरवली. दंडांवर, छातीवर. करडक उघडून लिंग डाव्या तळव्यावर घेतलं आणि खालून उजव्या हाताचा आधार दिला.

गौरम्मांनी तांब्यातलं पळीभर पाणी लिंगावर धरलं. ते शिळं होतं. गुरुबसप्पांनी होकाराची मान हलवली, तशी गौरम्मांनी ते लिंगावर सोडलं.

तेवढ्यात नळ खाकरला. आधी हवा, मग गंजाचा तांबूस गुळणा, मग धार. गल्लीत हंड्यांचा दणदणाट उठला.

"गौरक्काऽ!" भिंतीपलीकडून रत्नम्मा ओरडली. "पाणी आलं! हंडा लाव की!"

गुरुबसप्पांनी नळाकडं पाहिलं. मग गौरम्मांकडं.

गौरम्मा उठल्या नाहीत. धार दगडावर आपटून मोरीकडं पळत होती. तांब्याभर पाण्यासाठी अख्ख्या गल्लीशी भांडणारी ही बाई पदर आवळून बसून राहिली.

"अगं, वाया चाललंय!" रत्नम्मा.

"चालू दे," गौरम्मा म्हणाल्या, आणि गोळी पुढं केली.

गुरुबसप्पांनी लिंग करडकात ठेवलं, गोळी जिभेवर घेतली, तांब्या उचलला. गळा हलला.

मग त्या उठल्या आणि हंडा घ्यायला धावल्या.