ग्रहणात दोन दारं उघडी

ज्योतिषीबुवांची दाढ काढली, गाल फुगला, आणि रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य तिच्या टेबलावर येऊन पडलं. फोनवर ते कण्हत एवढंच म्हणाले, "रविवारीच सूर्यग्रहण आहे. जुनं सुटेल, नवं जुळेल, असं काहीतरी सगळ्यांना वाटून टाका."

तिने सढळ हाताने वाटलं. मेषेला बढती दिली, कन्येचं वजन उतरवलं. वृश्चिकेपाशी मात्र थबकली. वृश्चिक म्हणजे तिचा नवरा.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचा भाऊही तेच करायचा, शेजारच्याच टेबलावर. दोन वर्षांपूर्वी भाऊ गिऱ्हाइकासमोर बोलून गेला, "याच्याकडे नका देऊ, याचा हात हल्ली थरथरतो." झालं! तेव्हापासून दोघांचा अबोला. भाऊ वरच्या मजल्यावर, हे खालच्या, आणि निरोप्याचं काम बिनपगारी तिच्याकडे. आता भाऊ मुलीकडे दूरगावी कायमचा निघाला होता. मंगळवारी ट्रक येणार होता. हे असेच न बोलता दुरावले, तर आपला नवरा जन्मभर कुढत बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

'तू जा' म्हटलं तर तो मेला तरी जाणार नाही. म्हणून तिने धोरणीपणाने लिहिलं: 'ग्रहणकाळात दुरावलेली व्यक्ती आपणहून दाराशी येईल. मागचं उगाळू नका.' दिराला वर जाऊन काय ते समजावू, असा तिचा बेत.

रविवारी नवऱ्याने भविष्य तीनदा वाचलं, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि दार सताड उघडून खुर्चीत बसला. "वारा येतोय जरा," म्हणाला. वारा औषधालाही नव्हता.

ती लगबगीने वर गेली. वरचंही दार सताड उघडं. बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध दीर बसलेला, केस चापूनचोपून, नव्या शर्टात.

"भावोजी, तुम्ही जरा खाली..."

"मी? छे! यायचंय ते त्याने. छापून आलंय, वहिनी. तुमच्याच पेपरात."

तिने कपाळाला हात लावला. जुळे! अकरा मिनिटांच्या अंतराने जन्मलेले जुळे! लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि लिहिताना एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये?

बाहेर ऊन फिकट झालं, पुन्हा उजळलं. पावणेदोनला ग्रहण सुटलं. खाली नवरा लालबुंद झाला होता. "बघितलंस? ग्रहांनी ढकललं तरी हलला नाही. जाऊ दे त्याला. कायमचा जाऊ दे."

म्हणाला खरा, पण नजर उघड्या दारावरच होती आणि तिला राहवेना. "अहो, ग्रहांनी नाही, मी लिहिलं होतं ते. आणि त्यांची रासही तीच. तेही सकाळपासून दार उघडं टाकून बसलेत. तुमच्यासाठी."

आता हातातला पेपर भिरकावेल, असं तिला वाटलं.

"सकाळपासून?" त्याने विचारलं.

"नवा शर्ट घालून."

तो उठला. चपलासुद्धा न घालता जिना चढू लागला. ती धापा टाकत मागे.

भाऊ खुर्चीतून उठला नाही, पण चेहरा उजळला. "मला माहीतच होतं तू येणार. छापूनच आलं होतं."

तिने जीभ चावली. आता हा सगळं सांगून टाकणार, वर भावाला भोळसट म्हणणार, आणि झालं पुन्हा सुरू.

नवऱ्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग भावाकडे.

"हिच्या पेपरचं मी काही वाचत नाही," तो म्हणाला. "दुसरा घेतो. त्यात लिहिलं होतं, आपणच जावं."

भावाने एक खोकं सरकवून बसायला जागा केली. आणि दारात उभ्या असलेल्या तिला, आपल्या पेपरची अशी तोंडावर बदनामी ऐकून, आनंदाने रडूच फुटलं.