चेअरमनसाहेबांची वीस मिनिटं

काकूंनी कुत्रा नव्या घरी दिला तेव्हा सोबत सूचनांचा तीन पानी कागदही दिला. शिस्त म्हणजे शिस्त! आजारी, अपघातात सापडलेली कुत्री घरी आणायची, बरी करायची आणि चांगल्या घरी धाडायची, हा उद्योग काका-काकूंनी बावीस वर्षं केला. पण असला अवघड पाहुणा पहिलाच. त्याची अन्ननलिका सैल पडलेली, खाल्लेलं आपसूक खाली उतरायचंच नाही. ताठ बसवून भरवायचं आणि पुढे वीस मिनिटं तसंच बसवून ठेवायचं. नाहीतर घास उलटून फुप्फुसात जायचा, की खेळ खलास.

काका सुतार. डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत त्यांच्या डोक्यात माप तयार. लेकीच्या जुन्या कपाटाचं दार कापून त्यांनी उंच पाठीची, पुढे आडवी पट्टी असलेली खुर्ची ठोकली. कुत्रा तिच्यात असा काही ऐटीत बसला की काका म्हणाले, "अगं, हे तर चेअरमनसाहेब!" नाव तेच पडलं.

पण वीस मिनिटं गप्प बसेल तो कुत्रा कसला? काकांनी तोडगा काढला. सकाळी चहा पिताना सुतारी पेन्सिलीने पेपरात खुणा करायच्या, आणि दोन्ही जेवणांनंतर समोर स्टूल टाकून तेवढ्या बातम्या मोठ्याने वाचायच्या. "साहेब, पुलाचं काम पुन्हा रखडलं बरं का!" साहेब कान टवकारून ऐकायचे. आतून काकू करवादायच्या, "अहो, कुत्र्याशी गप्पा मारायला वेळ आहे, मला साधं 'हो' म्हणायला नाही!" काय दिवस होते ते! घरभर लाकडाचा भुसा आणि या दोघांची मैफल.

काका गेले. काकूंनी नवा पेपर बंद केला आणि वर्षभर ते जुनेच, खुणा केलेले, साहेबांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवले. पूल तोवर बांधून वापरातही आला होता, पण साहेबांची तक्रार नव्हती. मग काकूंच्या मनगटांनी दगा दिला. चौदा किलोचा जीव उचलून खुर्चीत बसवणं होईना, म्हणून एका नर्सबाईंकडे त्याला खुर्चीसकट पाठवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाईंचा फोन. "काकू, तो खुर्चीत थांबतच नाही हो. धडपडतो, उतरतो, आणि सगळं बाहेर! आज खोकतोय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हाती लागायचा नाही. परत आणू का?"

परत! काकूंचं मन हो म्हणालं, पण हातांना दुधाचं पातेलंही पेलत नव्हतं. इथे आला तर मरणार, तिथे राहिला तरी मरणार.

"कागदाप्रमाणे करतेस ना गं?"

"अक्षर न् अक्षर, काकू. घड्याळ लावून."

"आणि वाचतं कोण?"

"काय वाचतं?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. गोळीचा रंगसुद्धा लिहिला होता त्यांनी, आणि हे राहिलं! ते औषध आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. ते आपलं घरातलं, दोघांचं.

"अगं, पेपर घे आणि मोठ्याने वाच!"

"आमच्याकडे पेपर येत नाही. सगळं मोबाईलवर."

"मग सापडेल ते वाच, बाई! आधी भरव, पण फोन ठेवू नकोस."

पलीकडे भांड्यांचा आवाज, धावपळ. मग नर्सबाईंच्या वडिलांचा घोगरा आवाज आला. त्यांच्या हाताला वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक लागलं होतं. "मशीन सपाट जागी ठेवावे," ते अडखळत वाचू लागले. "ऐकलंत का साहेब? सपाट जागी!"

काकूंनी फोन कानाशी घट्ट धरला. हसू आवरेना आणि डोळ्यांचं पाणीही थांबेना. वीस मिनिटं त्या तशाच उभ्या राहिल्या.

"काकू, बसलाय! सगळं पोटात राहिलं!" नर्सबाई जवळजवळ ओरडल्याच. मग वडिलांनी फोन घेतला.

"ताई, हे तर वाचून संपलं. संध्याकाळी काय वाचू?"

कोपऱ्यात पेपरांचा गठ्ठा होता. एवढ्या दिवसांत काकूंनी त्यातलं एक पान रद्दीत जाऊ दिलं नव्हतं. वरच्याच पेपरवर पेन्सिलीची जाड खूण दिसत होती. काकूंनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"पेपर पाठवते," त्या म्हणाल्या. "जुने आहेत, पण त्याला चालतात. खुणा केलेलं तेवढंच वाचा. आमच्या ह्यांनी त्याच्यासाठी निवडून ठेवलंय."