दोन घंट्या म्हणजे चला!

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी, तरी अजून काहीच न झालेली! माझ्या शेजारणी कधीच कामाला लागल्या, मी मात्र मूलपेशीच राहिले. वेळ आली तर माझ्यातून मेंदूची नवी पेशी जन्मू शकते. मोठ्या माणसांत आम्ही असतो की नाही, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. भांडू देत! मी आहे ना इथे, एका मावशीच्या मेंदूत, जिथे रस्ते लक्षात राहतात त्या भागात.

मावशीने आयुष्यभर शहरात बस चालवली. निवृत्त झाल्यावर ती धाकट्या बहिणीकडे राहायला आली. तिथल्या सगळ्या इमारती एकसारख्या पिवळ्या! एकदा दूध आणायला गेली आणि चुकली. शेवटी रखवालदाराने घरी आणून सोडलं.

बहिणीने धसकाच घेतला. "ताई, आता खुर्चीतून हलायचं नाही. सगळं हातात देते."

प्रेमच होतं हो ते! पण माझ्या शेजारची रक्तवाहिनी सुस्तावली. काळजीचं गढूळ पाणी माझ्यापर्यंत झिरपू लागलं. आम्ही शेजाराच्या कलाने वागतो. शेजार म्हणाला, झोप. मी झोपले.

मग बहिणीची मुलगी, मावशीची भाची, सायकलची घंटी घेऊन खुर्चीमागे उभी राहिली.

"मावशे, गाडी लेट झालीय!"

"गप गं. ड्रायव्हर रस्ता विसरलाय."

"मग नवा रूट शिक. जुना काय जन्मतःच येत होता?"

मावशी खुदकन हसली. टण् टण्! दोघी निघाल्या. कोपऱ्यावर मावशीने कपाळावर हात मारला. "अगं, मी इमारती पाठ करत बसले! ड्रायव्हर थांबे पाठ करतो."

झालं! गळका नळ हा पहिला थांबा, शिंप्याचं मशीन दुसरा, चिडकं कुत्रं तिसरा. रोज फेरी, रोज हसणं. रक्तवाहिनी खळाळली, गढूळपणा ओसरला. मी जागी झाले आणि माझे दोन भाग झाले. एक मीच राहिले. दुसरी माझी लेक, मेंदूची नवी पेशी व्हायला निघाली. पण अशा नव्या पेशीला काम मिळालं नाही, तर ती विरून जाते. माझा जीव टांगणीला लागला.

एके दिवशी भाची शाळेत असताना मावशीने दूध आणायला पिशवी उचलली.

"एकटी? आणि चुकलीस तर?" बहीण ओरडली.

"रिव्हर्स घेईन!"

नळ सापडला. शिंपी सापडला. कुत्रं मात्र जागेवर नव्हतं! मावशी थबकली. सगळ्या पेशी कामाला लागल्या, त्यांत माझी लेकही, आणि मावशीला पुढचं वळण आठवलं. श्रेय तिचं एकटीचं नाही, पण ती होती!

दारावरची घंटी एकदाच वाजली. एक घंटी म्हणजे थांबा.

"आलीस!" बहिणीने डोळे पुसले. "आणि दूध कुठंय?"

"अगं बाई, राहिलंच की! थांब, पुन्हा जाऊन येते."

या वेळी बहिणीने तिला अडवलं नाही. तिने स्वतःच ती सायकलची घंटी वाजवली, टण् टण्!

मित्रांनो, आपल्या माणसांना जपा, पण खुर्चीत बांधून नको. त्यांच्यासोबत एखादा नवा रस्ता धरा. आत कुणीतरी झोपलेलं असतं, तुमच्या घंटीची वाट बघत.