हातावरचा पापुद्रा

डॉक्टर वैदेहींनी पट्टी सोडून माझा हात पालथा केला, उताणा केला, आणि त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यावरूनच मी काय ते समजले. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, "संघप्रिया, पुढच्या वेळी कडेकडेनं गुलाबी कातडी दिसायला हवी." गुलाबी काहीच नव्हतं. भाजल्याची जखम तशीच ओली, लालभडक, आणि मधलं बोट शेजारच्या बोटाला बुडापासून चिकटत चाललेलं.

मी रडकी बाई नाही. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या शेडमध्ये वाती कापणाऱ्या बाया रडक्या असून चालत नाही. पण हा माझा उजवा हात होता हो! तो बरा झाला असता तर मी शिवणकामावर घर चालवणार होते, आणि त्याच शेडमध्ये राबणाऱ्या आईला त्या फटाक्यांच्या दारूच्या पुडीतून कायमची बाहेर काढणार होते. मशीन घरात येऊन बसलं होतं. बोटं चिकटली की सगळंच मुसळ केरात.

औषधात खोट नव्हती. डबीतलं ते पारदर्शक जेल म्हणजे एक प्रकारची साखरच, पण चहात घालायची नव्हे, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हसत सांगितलं होतं. साखरेचे कण एकाला एक जोडत गेलेली लांबच लांब माळ. आपल्या कातडीत ती मुळातच असते. ती पाणी धरून ठेवते, आणि नव्या पेशी तिच्यातूनच वाट काढत जखमेवर सरकत येतात. "पोटातल्या बाळाभोवती ती भरपूर असते. तिथं बाळाच्या कातडीला इजा झाली तर कित्येकदा वणसुद्धा राहत नाही," त्या म्हणाल्या होत्या. आई शेजारी उभी राहून मान डोलावत होती. जेल वाळून पांढुरका पापुद्रा धरेल, त्याला अजिबात हात लावायचा नाही, वरची पट्टी तेवढी रोज बदलायची, हेही तिनं ऐकलं. मी वेडीनं त्या साखरेवर सगळा भरवसा टाकला.

"घरी पट्टी कोण बदलतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्याच," आई म्हणाली.

"मग पापुद्रा कुठं गेला, मावशी?"

"पुसते की म्या," आई ताठ मानेनं म्हणाली. "रोजच्या रोज. उकळून गार केल्याल्या पाण्यात फडकं भिजवून, बोटांच्या बेचक्यातनं सुदीक. कण बी ठेवत न्हाय."

आणि मला याचा पत्ताच नव्हता.

घरी पट्टी सुटली की मी भिंतीकडे तोंड करायची. तो हात बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. आग आग व्हायची, दात आवळून बसायची, आणि वाटायचं, पट्टी बदलताना एवढं दुखणारच.

"आई, तू ऐकलं नव्हतंस का गं?" मी ओरडले. बाहेरच्या बाकड्यावरची माणसं डोकावली.

"ऐकलं की!" तीही ओरडली. "पर पांढरं दिसलं का माझा जीव राहीना. तुला ठावं न्हाय व्हय?"

ठाऊक कसं नसेल? आमच्या घरचा तो कायदाच. शेडमधून आलं की आधी दारातल्या हौदावर अंग घासायचं. कोपरं, नखं, कानामागं. आई उजेडात उभं करून हात तपासणार, आणि पुडीचा पांढुरका डाग राहिलेल्या माणसाला चुलीकडे फिरकू देणार नाही. अंगावरची पूड कुठल्या ठिणगीला कधी बोलावील, सांगता येत नाही. लहानपणी तिनं मला इतकं घासलंय की कातडी लाल व्हायची.

"त्या पुडीनंच तुझा हात धरला," आई म्हणाली. "बाही फाडून काढली तरी विझंना. आन् म्या तुझ्या अंगावर पांढरं ठिवू?"

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मावशी," त्या हळू म्हणाल्या, "ते पांढरं म्हणजे हिची नवी कातडी यायची वाट होती. रोज थोडी वाट व्हायची, रोज तुम्ही ती पुसून टाकायचात."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

आता ऑपरेशनला सोलापूरला जायचं. मांडीची कातडी काढून हातावर लावायची. चिकटलेली बोटं कापून सुटी करता येतील, पण ती सुई धरतील याची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं.

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला तिचा संताप येत होता.

घरी आल्यावर आईनं भाकरी टाकली, वरणात कुस्करली आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. एरवी ती लगेच घास करायची. आज ताट ठेवून भिंतीला टेकली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

वरणावर साय धरली. मला भूक लागली होती.

"आई, भरव की."

तिनं हात मांड्यांखाली आणखी आत सारले.

"अगं, भरव ना."

"डाव्या हातानं खा, बाळा," ती म्हणाली. "माझा हात तुला लागाय नगं."