डोअरबेलवरची धूळ

क्लाइड डोलिव्हर गेल्याची बातमी गुरुवारी सकाळी आली आणि ‘रियाध मराठी रसिक’ या ग्रुपवर हळहळ सुरू झाली. हा अमेरिकन गायक खेड्यापाड्यांतली सुखदुःखं गिटारवर, पॉपच्या ठेक्यात गायचा. जो तो त्याचं एकच गाजलेलं गाणं टाकत होता. बँकेत आयटी सांभाळणाऱ्या गोपीनाथला तरी दुसरं कुठलं ठाऊक होतं? पण तेच टाकलं तर आपलं वेगळेपण ते काय राहिलं! त्यानं लिहिलं, “खरा क्लाइड सुरुवातीच्या गाण्यांत आहे. ‘डस्ट ऑन माय डोअरबेल’ ऐकलंय कुणी?”

असं गाणंच नव्हतं. आदल्या दिवशीच्या वादळानं दारावरची बेल धुळीनं माखली होती, तिच्याकडे बघून त्यानं नाव ठोकून दिलं होतं.

पाचच मिनिटांत एका फायनान्स कंपनीतल्या देवदत्तचं उत्तर आलं, “कॉलेजात ही कॅसेट झिजवलीय मी!” पाठोपाठ डॉक्टर विभा, “दुसरं कडवं ऐकताना आजही गलबलतं.”

“अहो, हे काय करून बसलात?” त्यानं खरं सांगितल्यावर बायको क्षमानं विचारलं.

शुक्रवारी दुपारी विभाच्या घरी श्रद्धांजली होती. क्लाइडच्या फोटोला प्लास्टिकच्या फुलांचा हार, समोर सामोसे. सगळे बसल्यावर विभानं डोळे मिटले आणि ‘डस्ट ऑन माय डोअरबेल’ चक्क गायला घेतलं. चाल शाळेतल्या प्रार्थनेसारखी होती. देवदत्त मान डोलवत साथ देऊ लागला. दोघातिघांनी डोळे पुसले.

गोपीनाथला राहवेना. “थांबा! असं गाणंच नाहीये. ते नाव माझ्या मनाचं आहे.”

देवदत्त दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “गोपीनाथ, गेलेल्या माणसाच्या गाण्यावर हक्क सांगतोस? लाज वाटायला हवी.”

“नवख्या श्रोत्यांचा होतो असा गोंधळ,” विभानं सांभाळून घेतलं आणि उरलेलं कडवं पूर्ण केलं. चहा होईपर्यंत गोपीनाथचं नाव ग्रुपच्या कार्यक्रम समितीतून गेलेलं होतं.

गाडीत बसल्यावर क्षमा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. गोपीनाथ गाल फुगवून गाडी चालवत राहिला. थोड्या वेळानं तोच म्हणाला, “त्याचा खरा पहिला अल्बम लाव बरं.”

तिनं फोनवर शोधून लावला. आवाज कोवळा, जरा चिरका. गिटार एका जागी सपशेल बेसूर. गाण्यात परगावी कामाला गेलेला कुणी माणूस घरी फोन लावतो आणि पलीकडे लहान मुलगी विचारते, कोण बोलतंय? तो नाव सांगत नाही, नुसता हसतो.

क्षमाचं हसू कधीच थांबलं होतं.

“अहो, घराकडे वळायचा एक्झिट मागे गेला.”

“जाऊ दे,” गोपीनाथ म्हणाला, “पुढचं लाव.”