अधिकाचं चिन्ह

“सुधाकरभाऊ, आता तुमच्या डोक्याला ताप नाही हं! मृणालताईंनी एकदम बराबर बसवून दिलं,” डाइंगचा, म्हणजे रंगाई खात्यातला, नवनाथ दारातूनच ओरडला, आणि सुधाकरच्या पोटात दुखायला लागलं.

सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर म्हणजे सुधाकर, हे अगदी ठरलेलं. प्रत्येक खात्याचं फोल्डर वेगळं. एडिटरच्या पाथमध्ये, म्हणजे फाइल कुठे कुठे शोधायची त्या यादीत, फोल्डरचं नाव नसलं की फाइल सापडायची नाही. मग “भाऊ, या ना!” भाऊ मोठ्या तोऱ्यात जायचे आणि नाव टाइप करून यायचे. हे आपोआप व्हावं म्हणून त्यानंही स्क्रिप्ट लिहून पाहिली होती. पण व्हेरिएबलमधली किंमत, म्हणजे फोल्डरचं खरं नाव, जोडली जायच्या ऐवजी व्हेरिएबलचं नावच पाथला चिकटायचं. डोकं आपटून आपटून शेवटी त्यानं नाद सोडला.

आणि ही मृणाल, मुंबईहून आलेली कालची पोर! तिनं आधी ओळीत किंमत भरून घेतली, मग ती ओळ चालवली. एकेक फोल्डर पाथच्या शेपटाला जोडलं जाऊ लागलं. इतकं सोपं, की सुधाकरचा नुसता जळफळाट झाला. वर साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “शिका जरा हिच्याकडून.” छे! त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मृणाल डबा खायला गेली, तशी त्यानं तिची स्क्रिप्ट उघडली आणि अधिकाचं चिन्ह तेवढं खोडलं. झालं! आता जोडणं बंद. प्रत्येक नवं फोल्डर आधीचं पुसून टाकणार, शेवटचं तेवढं उरणार. मग बोंबाबोंब होईल, आणि हाक कोणाला मारतील? आपल्यालाच की!

दुपारी फोन वाजला, तोवर मृणालही जागेवर परतली होती. त्यानं झडप घालून उचलला.

“बोल नवनाथ! फाइल सापडत नाही ना? आलोच.”

“नको भाऊ, तुम्ही कशाला येता? ताईंना द्या ना जरा.”

त्यानं रिसीव्हर पुढे केला. मृणालनं ऐकून तो टेबलावर ठेवला, स्क्रिप्ट उघडली आणि जीभ चावली. “अय्या, अधिक घालायलाच विसरले वाटतं मी! सर, साहेबांना सांगू नका हं.”

“नाही सांगणार.”

तिनं चिन्ह घातलं, नवनाथला फोनवर फाइल पुन्हा उघडायला सांगितलं आणि साहेबांनी बोलावलं म्हणून रिसीव्हर तसाच ठेवून लगबगीनं निघून गेली.

“सापडली हो ताई! तुम्ही होत्या म्हणून बरं!” टेबलावरच्या रिसीव्हरमधून आवाज येत होता.

सुधाकरनं तो कानाला लावला.

“सांगतो त्यांना,” तो म्हणाला, आणि फोन जागेवर ठेवला.